श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणि सील केलेलं मशीन

नोकरीतली लक्षात राहिलेली केस कोणती, असं निवृत्तीनंतर लोक विचारतात. विचारणाऱ्यांना बहुतेक खून हवा असतो. मी त्यांना एका फ्लेक्सची केस सांगते. ती मला जशीच्या तशी आठवते आणि तिच्यात कोणी मेलं नव्हतं. उलट, फ्लेक्सवर जो मेला होता तोच तक्रार द्यायला ठाण्यात आला होता.

कांदिवलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होते, गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे असायचा. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीवाले चार्ज देत होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एकदम गर्दी झाली. पुढे एक साठीचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली मुलं. गृहस्थ आमच्या हद्दीतल्या एका मोठ्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. त्यांना मी बंदोबस्ताच्या बैठकांमुळे ओळखत होते. नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी आले होते. चालणं सावकाश होतं, आवाज मात्र पूर्वीचाच.

एका मुलाने मोबाइल माझ्यासमोर धरला. "मॅडम, हे बघा. साहेब जिवंत आहेत आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली."

"जिवंत आहेत ते मला दिसतंय," मी म्हटलं. "त्यांना आधी खुर्ची दे. आणि बाकीचे बाहेर थांबा."

अध्यक्ष बसले. त्यांचं म्हणणं असं : सकाळी मंडळाच्या कार्यालयासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या रेलिंगवर हा फ्लेक्स लावलेला दिसला. हे मारायच्या धमकीशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. आणि ती कोणी दिली हेही त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या मंडळाचा अध्यक्ष. पालिकेच्या तिकिटासाठी दोघेही प्रयत्नात होते.

"त्याचंच काम कशावरून?" मी विचारलं.

"बाई, नीट बघा ना. मंडळाचं नाव नाही. माझं पद नाही. साधं 'आदरणीय' पण नाही. नुसतं नाव आणि फोटो. माझ्या माणसाने केला असता तर असा केला असता का? हा अपमान करायलाच केलाय."

मुलांचा सूर वाढत होता. संध्याकाळपर्यंत दोन मंडळं समोरासमोर आली असती. वरिष्ठ निरीक्षकांशी बोलून गुन्हा दाखल करून घेतला आणि बीट हवालदाराला घेऊन जागेवर गेले.

पंचनाम्यात मी काही गोष्टी मुद्दाम लिहून घेतल्या. फ्लेक्सला लाकडी चौकट नव्हती. कडा दुमडून चिकटवलेल्या नव्हत्या, रिंगा मारलेल्या नव्हत्या. कोपऱ्यांना कशाने तरी भोकं पाडून काथ्याची दोरी ओवली होती. एक कड वाकडीतिकडी कापलेली. आणि फ्लेक्स ओला होता. एखाद्याला भीती घालायला जो माणूस खर्च करून बॅनर बनवतो, तो चौकट तरी ठोकतो. पण हे माझं मत झालं. मत पंचनाम्यात जात नाही.

दुपारी शेजारच्या मंडळाच्या अध्यक्षाला जबाबासाठी बोलावलं. माणूस निवांत होता. म्हणाला, "मॅडम, मला त्याचा श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा असता ना, तर त्यात माझा फोटो त्याच्यापेक्षा मोठा टाकला असता. इतका चान्स कोण सोडतो?"

हवालदाराला हसू आवरेना. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव सांगितलं नाही. आवाज दबका होता. "तो फ्लेक्स औद्योगिक वसाहतीतल्या मागच्या गाळ्यात छापलाय. त्याच्या दाराबाहेर गुंडाळून ठेवलेला मी बघितला." मागे एक मशीन पुढेमागे सरकल्यासारखा एकसारखा आवाज येत होता. खबर देणाराही त्याच धंद्यातला होता, हे त्यावरून कळलं. धंद्यातल्या माणसाची खबर बहुतेक वेळा खरी असते. ती का दिली, हे मात्र वेगळं तपासावं लागतं.

गाळा लहान होता. निम्मी जागा एका लांबलचक प्रिंटरने व्यापलेली, माणसाच्या उंचीपेक्षा लांब. शाईचा उग्र वास. गाळ्याचा मालक पंचेचाळिशीचा, कोकणातला, वडील गिरणीत होते. डिझाइन तोच करायचा, छापायचा तोच आणि मशीन दुरुस्तही तोच करायचा. आम्ही गेलो तेव्हा मशीनचं झाकण उघडून, हातमोजे घालून आत काहीतरी पुसत होता.

मी फोटो दाखवला. त्याने एकदाच पाहिला आणि हातमोजे काढून ठेवले.

"हा इथे छापलाय?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

"ते मी नाही सांगू शकत, मॅडम."

"नाही सांगू शकत की माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

इतकं सरळ उत्तर मला संशयितांकडून क्वचितच मिळालं आहे. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. हा मोजकं बोलत होता.

त्याचा संगणक, मोबाइल जप्त केला. मशीन उचलून नेणं शक्य नव्हतं, म्हणून जागेवरच सील करायचं ठरवलं. शेजारचा खोक्यांचा गाळेवाला आणि कोपऱ्यावरचा चहावाला, असे दोन पंच घेतले. हवालदार सीलची पट्टी चिकटवायला लागला तसा इतका वेळ गप्प असलेला मालक पुढे आला.

"मॅडम, मला आत घ्या. केस करा. पण मशीन बंद नका करू."

"मुद्देमाल आहे तो."

"असू दे ना. पण हे रोज साफ करावं लागतं. ह्याच्या हेडला केसापेक्षा बारीक भोकं असतात, त्यातून शाई येते. ही शाई वाळणारीच असते, वाळली नाही तर फ्लेक्सवर टिकणार कशी? मशीन थोडे दिवस पडून राहिलं की शाई भोकांतच वाळते. मग हेड गेलं. नवीन हेड घ्यायचं तर मला मशीन विकावं लागेल, आणि हेड नसलेलं मशीन घेणार कोण?"

"गावी जाता तेव्हा काय करता?"

"गणपतीला सगळे जातो तेव्हा चावी पुढच्या गाळेवाल्याला देतो. तो रोज येऊन थोडं चालवतो. त्याच्या वेळेला मी त्याचं चालवतो. धंद्यात भांडण असलं तरी ह्यात कोणी नाही म्हणत नाही."

मी विचार केला. गुन्हा सिद्ध व्हायचा होता. मुद्देमाल जसा ताब्यात घेतला तसाच न्यायालयापुढे ठेवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची असते. जप्त केलेली म्हैस कोणी उपाशी ठेवत नाही. मी स्टेशन डायरीत नोंद घातली : मुद्देमाल सुस्थितीत राहावा म्हणून रोज पंचांसमक्ष सील उघडून स्वच्छता करून घ्यावी आणि पुन्हा सील लावावं. ग्राहकाचं कुठलंही काम छापायचं नाही.

वरिष्ठांनी नोंद वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आता मुद्देमालाला आंघोळ पण आपणच घालायची?"

"घालायला तो आहे, सर. आपण नुसतं बघायचं."

"बघा बाबा. उद्या कोणी गाडी जप्त केलीत तर वॉशिंगला पाठवू नका म्हणजे झालं."

मालकाची चौकशी मी ठाण्यातच केली. दारातून दिसेल अशा खोलीत, दरडावणी न करता. संगणकातली फाइल मिळाली होती. ती अध्यक्ष अतिदक्षता विभागात होते त्या दिवसांत तयार केलेली होती. मोबाइलमध्ये त्याबद्दल एकही संदेश नव्हता. म्हणजे ज्याने काम दिलं तो स्वतः गाळ्यावर आला होता आणि फोटो कागदावरचा, हातात घेऊन आला होता.

"तुमच्यावर दबाव आहे का कोणाचा?"

"नाही."

"पैसे मिळालेत?"

"नाही हो."

"मग कसली भीती?"

"मला कसली भीती, मॅडम? नवरात्राची कामं दुसरीकडे गेली. गिऱ्हाइकं फोन उचलत नाहीत. माझं व्हायचं ते झालंय."

माणूस स्वतःला वाचवायला गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. कुठून सुटता येईल, ते तो बघत असतो. याने दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

मंडळाच्या मुलांचा धीर मात्र संपत चालला होता. एक दिवस कोणीतरी त्याच्या शटरवर काळी शाई ओतली. दुसऱ्या दिवशी टी-शर्टवाले चौघे ठाण्यात आले. "मॅडम, तुम्ही त्याला बोलतं करत नसाल तर आम्ही करतो."

"करा," मी म्हटलं. "तुमची नावं आणि पत्ते लिहून द्या, म्हणजे मला शोधत बसायला नको."

ते गेले. पण गाळ्यावर मला एक शिपाई बसवावा लागला. हे फार दिवस चालणार नव्हतं.

स्वच्छतेच्या वेळी शक्यतो मी स्वतः जायचे. घरून ठाण्यावर जाताना वाटेतच होतं. माझा हवालदारही कोकणातला. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "गाव खंयचा तुझा?"

"देवगडाकडचो."

"मगे हापूस सोडून ह्या वासात कित्याक इलंस?"

"बागा भावकीकडे हत. माका हो वास गावलो."

मालक काम करत असताना पाहणं मला आवडायला लागलं होतं. औषधात भिजवलेल्या कापडाने हेडच्या खालचा भाग हलक्या हाताने टिपायचा, हेड जिथे विसावतं ती रबराची टोपी पुसायची, मग एका वाया गेलेल्या तुकड्यावर बारीक रेघा मारून बघायच्या. रेघ तुटली तर तिथलं भोक बंद. मग पुन्हा टिपायचं. घाई नाही, रागावणं नाही.

एका सकाळी काळ्या रंगाच्या रेघा मधूनमधून तुटल्या. त्याचा चेहरा उतरला. तीनदा साफ केल्यावर जुळल्या. तो म्हणाला, "मॅडम, रेघा बरोबर दिसतात, पण ह्याच्यावर विश्वास नाही. मोठं काहीतरी छापून बघायला पाहिजे."

चहावाला पंच म्हणाला, "छाप ना. परत श्रद्धांजली छाप. या वेळी हवालदारसाहेबांची."

हवालदार त्याला काहीतरी बोलला, सगळे हसले. मालक हसला नाही. त्याने कापड खाली ठेवलं. मी ते पाहिलं.

"मोठं म्हणजे काय छापता?" मी विचारलं.

"काहीही."

"काहीही नाही. दुरुस्तीनंतर तुम्ही काय छापता, ते विचारतेय."

"राखाडी असलेलं काहीतरी. वाढदिवसाचा लाल-पिवळा बॅनर असेल तर हेडमध्ये खोट असली तरी दिसत नाही, रंग भडक असतात. राखाडीत बारीकसा पट्टाही लपत नाही. सगळे रंग थोडे थोडे मिसळून राखाडी होतो ना, एक जरी कमी आला तरी कळतं."

"आणि राखाडी कुठल्या बॅनरवर असतो?"

तो कापडाची घडी घालायला लागला. उत्तराची गरज नव्हती. सबंध मुंबईत श्रद्धांजलीच्या बॅनरची पार्श्वभूमी राखाडीच असते.

"म्हणजे हा फ्लेक्स लावायला छापलाच नव्हता."

"नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी मी मशीनमधला शाई पुरवणारा एक भाग बदलला होता. चाचणी घ्यायची होती. एरवी नुसता फोटोमागचा राखाडी भाग छापतो. पण चेहऱ्याचा रंगही तपासायचा होता म्हणून सगळा बॅनर छापला. मग कापून टाकायचा राहिला. वाया गेलेला माल आम्ही दाराबाहेर ठेवतो. फेरीवाले नेतात, छपराला घालायला."

हवालदाराला मी लगेच फेरीवाल्यांकडे पाठवलं. मंडळाच्या कार्यालयासमोर शहाळी विकणारा बसायचा. तो पंचनाम्याच्या दिवसापासून धंद्यावर आला नव्हता. पोलीस दिसले म्हणून घाबरून खाडा केला होता. त्याला खोलीवरून आणलं. तो उत्तरेकडचा, मराठी वाचता येत नव्हतं.

"मॅडम, वो तो मेरा छप्पर है," तो म्हणाला. "बहुत बास मारता था, इसलिए धोके सुखाने डाला. फोटो किसका है अपने को क्या मालूम."

"सुकवायला टाकलास तो सरळ साहेबांच्या ऑफिससमोर?" हवालदाराने विचारलं.

"रेलिंग तो उधरीच है ना, साहब."

ओला फ्लेक्स, काथ्याची दोरी, वाकडी कड, सगळं जुळलं. धमकीचा मुद्दा निकालात निघाला. मी अध्यक्षांना बोलावून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हलले नाहीत.

"ठीक आहे. शहाळेवाल्याने वाळत घातला. पण मी हॉस्पिटलात असताना ही फाइल बनवायला सांगितली कोणी? माझ्या मरणाची वाट कोण बघत होता? ते नाव मला पाहिजे, बाई. ते मिळाल्याशिवाय मी तक्रार मागे घेणार नाही."

मालकाने पुन्हा नकार दिला. आता त्याला सुटायचा रस्ता समोर दिसत होता, तरीही नकार. मशीनवरचं सील तसंच राहिलं.

मी मुद्देमाल खोलीत जाऊन फ्लेक्स पुन्हा उलगडला. अध्यक्षांचे बॅनर मी हद्दीत शेकड्याने पाहिले होते. प्रत्येकावर हात जोडलेले, खांद्यावर शाल, डोळ्यांवर गॉगल. या फोटोत ते चौकड्यांचा जुना शर्ट घालून, बाह्या दुमडून, तोंड उघडून हसत होते. डाव्या खांद्यावर शर्टाच्या चौकड्या नीट जुळत नव्हत्या. तिथून काहीतरी पुसलेलं होतं.

टी-शर्टवाल्यांतल्या एकाला बोलावून विचारलं, हा फोटो तुमच्यापैकी कोणाकडे आहे का. तो म्हणाला, "नाही मॅडम. साहेब असला शर्ट घालतच नाहीत."

घालत होते. त्याच्यासमोर घालत नव्हते, इतकंच. आणि श्रद्धांजलीवर दुसऱ्या कोणाचाही फोटो नाही, मंडळाचं नाव नाही, पद नाही, यात अध्यक्षांना शत्रूचा अपमान दिसला होता. शेजारच्या मंडळाचा अध्यक्ष मात्र सांगून गेला होता की आपला फोटो टाकायची संधी त्यांच्यात कोणी सोडत नाही. मग अशी संधी नको असलेलं माणूस कोण?

पुरवणी जबाबाच्या निमित्ताने मी एक महिला शिपाई घेऊन अध्यक्षांच्या घरी गेले. अध्यक्ष गॅलरीत पेपर वाचत बसले होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. बँकेतून निवृत्त झालेल्या, नीटनेटक्या. मला स्वयंपाकघरातच बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मी सरळ विचारलं, "तो चौकड्यांच्या शर्टाचा फोटो कुठला आहे?"

त्यांनी गॅस बारीक केला. "गावचा. ह्यांनी फणस फोडला होता, हात चिकाने माखले होते. मी शेजारी उभी होते."

"खांद्यावर हात तुमचा."

"माझाच."

मी थांबले. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नये.

"डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, जवळच्यांना कळवून ठेवा," त्या म्हणाल्या. "कळवलं. खाली आले तर गेटवर मंडळाची पोरं. त्यांची चर्चा काय, तर बॅनरवर कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली. वर हे नळ्या लावून पडलेले आणि खाली फोटोंची रांग लागतेय. मी रिक्षा केली, घरी येऊन अल्बममधला फोटो काढला आणि त्या गाळ्यावर गेले. मुलीच्या लग्नाची कमान त्याने केली होती. म्हटलं, ह्यांचा एकट्याचा कर. आणि कोणाला बोलू नकोस. हे बरे झाले तेव्हा परत गेले, म्हटलं पुसून टाक. तो हो म्हणाला."

"पुसला नाही त्याने. राखाडी रंग तपासायला चांगला म्हणून ठेवला."

"हो का." त्यांनी कपात चहा गाळला. "मग हे तक्रार द्यायला गेले. घरी येऊन नीट जेवायला लागलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुमचा बॅनर मी तयार करून ठेवला होता? वाटलं, दोन दिवस बोलतील आणि विसरतील."

"त्या माणसाचं मशीन सील आहे. शटरवर शाई ओतलीय. आणि तो तुमचं नाव घेत नाही."

हे त्यांना माहीत नव्हतं. मुलांनी घरात सांगितलं नव्हतं. त्यांनी कप तसाच ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि गॅलरीच्या दाराशी गेल्या. "अहो, आत या जरा. मॅडम आल्यात."

अध्यक्ष आत आले, मला पाहून म्हणाले, "मिळालं नाव?"

"मी सांगितलं होतं करायला," पत्नी म्हणाल्या.

"काय करायला?"

"फ्लेक्स."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. खुर्ची ओढून बसले. "मी जिवंत असताना?"

"गेल्यावर मला वेळ मिळाला नसता. पोरांनी मिळू दिला नसता."

"अगं, पण पद तरी लिहायचं."

"पद मंडळाचं आहे. ते त्यांनी लिहिलंच असतं, चार चार ठिकाणी. एक कुठेतरी नुसते तुम्ही असायला नको?"

ठाण्यात आरडाओरडा करणारे गृहस्थ हेच का, असं वाटावं इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "फणसाचा फोटो ना तो? मग तू कुठे गेलीस त्यात?"

"मला पुसायला सांगितलं."

"का?"

"श्रद्धांजलीत जिवंत माणसाचा हात कसा दिसेल?"

त्यांनी चहा मागितला. बिनसाखरेचा आहे, असं पत्नीने बजावलं, आणि त्यांनी तो निमूटपणे घेतला. मग मला म्हणाले, "बाई, जबाब लिहून घ्या. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

मुलांना काय सांगायचं ते त्यांनीच ठरवलं. कार्यालयात सगळ्यांना उभं करून म्हणाले, की ती छपाईची चाचणी होती, फाइल कोणाची ते मला कळलंय, विषय संपला. एकाने "पण साहेब, कोणाची?" म्हणून विचारलं. "तुझ्या शाईची बाटली कुठली होती ते आधी सांग," असं उत्तर त्याला मिळालं. दुसऱ्या दिवशी चौघे थिनरची बाटली घेऊन गाळ्याचं शटर घासत होते.

गैरसमजातून तक्रार, असा 'सी' समरीचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. मशीन सोडायची परवानगी मिळायला थोडा वेळ लागला, तेवढे दिवस सकाळची स्वच्छता चालू ठेवली. सील कायमचं काढलं त्या दिवशी मालकाने अख्ख्या रुंदीचा राखाडी पट्टा छापला. या वेळी नुसता पट्टा. तो दारातल्या उजेडात नेऊन आडवा धरला, तिरका धरला, मग माझ्या हवालदाराला म्हणाला, "हेड वाचला."

"सांगितलं असतंत तर दुसऱ्याच दिवशी सुटला असतात," मी म्हटलं.

"वहिनींना मी फाइल पुसतो म्हणालो होतो आणि पुसली नाही, मॅडम. ती चूक माझी होती. वर त्यांचं नावही सांगायचं?"

पुढे काही दिवसांनी त्यानेच मला सांगितलं. अध्यक्ष एकटेच, रिक्षाने, गाळ्यावर आले होते. त्याला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, "मूळ फोटो आहे ना? न पुसलेला?" आहे म्हटल्यावर म्हणाले, "तो छाप. हातासकट. घरात लावायचाय, तेवढ्या मापाचा कर. आणि मंडळाच्या पोरांना दाखवू नकोस."

या केसमधून मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे, गप्प बसलेल्या माणसाला काय लपवतोस, हे विचारण्याआधी कोणासाठी लपवतोस, ते पाहावं. निम्म्या वेळा तिथेच रस्ता सापडतो. दुसरी गोष्ट जप्तीबद्दलची. जप्त केलेली वस्तू उद्या मालकाला परत करावी लागेल, असं धरूनच ती ताब्यात घ्यायची. संशयावरून आपण माणसाला थांबवू शकतो. त्याचं पोट ज्यावर चालतं ते संशयावरून मारून टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

माझ्या शेवटच्या पोस्टिंगवर, घाटकोपरला, रंगीत मासे विकणाऱ्या एका दुकानाला सील लावायची वेळ आली. बरोबरचा तरुण उपनिरीक्षक पट्ट्या आणि लाख घेऊन तयार उभा होता. मी त्याला थांबवलं आणि दुकानदाराला विचारलं, माशांना खायला कधी घालता, आणि पाणी कधी बदलता. उपनिरीक्षक माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "बघतोस काय, लिहून घे."